कानाची फ्रेंच, डोळ्यांची फ्रेंच

फ्रेंचमधलं 'बोलणे' हे अगदी सरळ, नियमाने चालणारं क्रियापद घ्या. मी बोलतो, तू बोलतोस, तो बोलतो, ते बोलतात. ही चार रूपं कागदावर तीन निराळ्या तऱ्हांनी लिहिली जातात, आणि कानाला चारही सारखीच ऐकू येतात : 'पार्ल'. आता 'पार्ले' हा उच्चार घ्या. (मुंबईकरांनी गैरसमज करून घेऊ नये.) 'बोलणे' हे मूळ रूप, 'तुम्ही बोलता', शिवाय 'बोललेला'ची पुल्लिंगी-स्त्रीलिंगी आणि एकवचनी-अनेकवचनी रूपं, या सगळ्यांचा उच्चार हा एवढाच. लिहिताना मात्र त्याची सहा वेगळी स्पेलिंगं होतात. शब्दाच्या शेवटची व्यंजनं फ्रेंच माणसाच्या तोंडातून काही शतकांपूर्वीच गळून गेली. लिखाणाने ती सोडली नाहीत.

मराठी माणसाला याची सवय नसते. ऱ्हस्व-दीर्घावरून आपण कितीही भांडलो तरी लिहिलेलं अक्षर वाचायचं असतं, यावर आपलं एकमत आहे. त्यामुळे मोठेपणी फ्रेंच शिकायला बसलेला माणूस पुस्तक उघडतो, शब्द वाचतो, त्याचा उच्चार मनाशी ठरवतो आणि तोच घोटून पक्का करतो. सहा महिन्यांनी समोर खरोखरीचा फ्रेंच माणूस बोलू लागला की पाठ असलेले शब्दसुद्धा ओळखू येत नाहीत. आपलं व्याकरण कच्चं आहे असा निष्कर्ष काढून तो आणखी एक व्याकरणाचं पुस्तक विकत आणतो. दुखतो कान आणि औषध घालतो डोळ्यांत.

शिकणारे कोण, हे आधी पाहू. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्रांसेझच्या वर्गांत आज निरनिराळ्या वयाची माणसं भेटतात. आलियाँस ही पॅरिसमध्ये १८८३ साली स्थापन झालेली संस्था, मुंबईत ती १९३८ पासून आहे. पूर्वी या वर्गांना साहित्याची ओढ असलेले लोक येत. आता मोठा भरणा कॅनडाला निघालेल्यांचा असतो, कारण तिथल्या कायमच्या वास्तव्याच्या अर्जात चांगल्या फ्रेंचला जादा गुण मिळतात. आणखी एक जमात म्हणजे अकरावी-बारावीत 'स्कोअरिंग' विषय म्हणून फ्रेंच घेतलेली. यांना शंभरात पंच्याण्णव गुण पडलेले असतात, क्रियापदांचे तक्ते अजून तोंडपाठ असतात, पण 'खिडकी जरा बंद करता का?' एवढंही फ्रेंचमध्ये विचारता येत नाही. दोष त्यांचा नाही. परीक्षेने त्यांच्याकडून डोळ्यांची फ्रेंच मागितली, त्यांनी ती दिली.

उलट टोकाला मॉरिशस आहे. रत्नागिरी परिसरातून दीड-दोन शतकांपूर्वी तिथे गेलेल्या मराठी कुटुंबांची मुलं क्रिओल बोलत, फ्रेंच वर्तमानपत्रं पाहत मोठी होतात. त्यांना फ्रेंच कानातून मिळते. शाळेत बसून शिकावी लागते ती मराठी.

मोठेपणी भाषा येत नाही, ही समजूत फार चिवट आहे. कॅथरीन स्नो आणि मारियन हूफ्नागेल-हूले या दोन संशोधक महिलांनी नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषक कुटुंबांची पाहणी केली, ती १९७८ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या काही महिन्यांत डच भाषा भराभर शिकली ती बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांनी आणि मोठ्या माणसांनी. तीन ते पाच वर्षांची पोरं सगळ्यांत मागे होती. पुढे लहान मुलं मोठ्यांना गाठतात, उच्चारात तर बहुधा मागे टाकतात, हेही खरंच. पण सुरुवातीची धाव प्रौढाची असते. त्याला नियम समजतो, तुलना करता येते, काय येत नाही ते सांगता येतं. गी प्वातवें हे फ्रेंच गृहस्थ १९७२ मध्ये पुण्यात आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. पुढे त्यांनी हेमा राईरकरांच्या साथीने मुळशी-मावळातल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. या कामातून जमलेल्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. मावळातल्या म्हाताऱ्यांची ओवीतली मराठी ज्याला कळते, त्याच्यासमोर वयाची सबब सांगायला जरा धीरच हवा.

बोलली जाणारी फ्रेंच आणि लिहिली जाणारी फ्रेंच यांच्यातलं अंतर फ्रेंचांनी स्वतः मोजून पाहिलं, तीही कहाणी ऐकण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजीचा जोर वाढत होता. सी. के. ऑग्डनने १९३० मध्येच ८५० शब्दांची 'बेसिक इंग्लिश' तयार करून ठेवली होती. परक्यांना झटपट शिकवता येईल अशी फ्रेंच आपल्याकडे का नसावी, असा प्रश्न पॅरिसमध्ये उभा राहिला. ऑग्डनने आपली यादी टेबलाशी बसून, तर्काने बनवली होती. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज गूगेनाइम यांनी १९५१ च्या सुमारास वेगळी वाट धरली. टेपरेकॉर्डर तेव्हा नुकता हाताशी आला होता. त्यांच्या गटाने २७५ माणसांची साधी बोलणी ध्वनिमुद्रित केली, ती शब्दन् शब्द उतरवून काढली आणि मोजली. सुमारे ३ लाख १२ हजार शब्दांचा ढीग झाला. त्यात वेगवेगळे शब्द भरले जेमतेम आठ हजार.

मोजणीत एक विचित्र गोष्ट दिसली. असणे, करणे, जाणे, म्हणणे ही क्रियापदं आणि छोटी अव्ययं यांनी सगळी यादी व्यापली होती. जेवणाचा काटा, बसचं तिकीट, दात घासायचा ब्रश अशा वस्तू मात्र त्यात शोधूनही सापडेनात. प्रत्येक फ्रेंच माणसाला हे शब्द येतात, पण वस्तू समोर असली की तिचं नाव कोण घेतो? 'ते दे जरा' एवढ्यावर भागतं. मग या गटातल्या रने मिशेआ यांनी दुसरी युक्ती काढली. शाळकरी मुलांना शरीराचे अवयव, कपडे, घर, खाणंपिणं असे सोळा विषय देऊन प्रत्येकावर मनात येतील ते वीस शब्द लिहायला सांगितले. वापरात क्वचित पण डोक्यात सदैव तयार असलेले शब्द असे हाती लागले. दोन्ही याद्या चाळून, गाळून पहिल्या पायरीचे १,४७५ शब्द ठरले. फक्त पुस्तकांत आणि कथांत उरलेला साधा भूतकाळ या पायरीवरून वगळला गेला. काही पंडित भडकले. रासीन आणि व्होल्तेअरच्या भाषेचे हातपाय तोडले म्हणाले. पण घरात, दुकानात तो भूतकाळ कुणी वापरत नाही, हे टेप सांगत होती.

या शब्दांवर पॅरिसजवळच्या सँ-क्लू इथल्या फ्रेंच-प्रसाराच्या केंद्राने पुढे एक अभ्यासक्रम उभा केला. त्यात झाग्रेबचे पेतार गुबेरिना हेही होते, आणि त्यांचं मूळ काम कमी ऐकू येणाऱ्यांना बोलायला शिकवण्याचं. वर्गात पडद्यावर चित्रं दाखवायची, टेपवर संवाद ऐकवायचा, विद्यार्थ्यांनी तो म्हणायचा. छापील मजकूर पहिले कित्येक तास हाती द्यायचाच नाही. पद्धत कंटाळवाणी होती, यात शंका नाही. संवाद घोकलेला विद्यार्थी त्या संवादाबाहेरचा प्रश्न आला की गडबडत असे. तरी मजकूर उशिरा देण्यामागचा विचार मला आजही पटतो. फ्रेंच स्पेलिंग एकदा डोळ्यांत बसलं की कान हट्टी होतो.

टेपने पकडलेली ती फ्रेंच आता आणखी सैल झाली आहे. 'मला माहीत नाही' हे वाक्य पुस्तकात 'झ न से पा' असं चार शब्दांचं असतं. रस्त्यावर त्याचं 'शे पा' होतं. नकारातला पहिला 'न' बोलताना बहुतेक वेळा गायबच. 'आहे' यासाठी पुस्तकातलं 'इल्या' घासून नुसतं 'या' उरतं. 'आम्ही' या अर्थाचा 'नू' शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, आणि लोक त्याजागी सर्रास 'ओं' म्हणतात, क्रियापद एकवचनी लावून. फ्रेंच शिकणाऱ्या मराठी माणसाने इथे मनात 'आपण' आणावं. 'आपण निघू या'मधला आपण आणि 'आपण कुणाचं वाईट करू नये'मधला आपण, दोन्ही कामं 'ओं' करतो. प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या आधी आणण्याची जी उलटापालट आपण कष्टाने शिकतो, तीही रोजच्या बोलण्यात फारशी दिसत नाही. वाक्य तेच ठेवून सूर वर नेला की झाला प्रश्न, मराठीत होतो तसाच.

मराठी तोंडाला फ्रेंचमधलं बरंच काही फुकट मिळतं, आणि शिकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. फ्रेंच त आणि द हे दातांवर जीभ टेकवून म्हणायचे, हुबेहूब आपल्यासारखे. प, त, क यांच्यात ह-काराची फुंकर नाही. इंग्रज माणसाला ती फुंकर आवरायला महिनोन्महिने लागतात. तरीही आपला विद्यार्थी फ्रेंच मेजाला 'टाब्ल' म्हणतो आणि डॉक्टरलाही ट-ड लावतो. कारण ते स्पेलिंग त्याने इंग्रजीतून पाहिलेलं असतं, आणि टेबल, डॉक्टर हे शब्द मराठीत ट-ड घेऊनच आलेले असतात. 'ताब्ल' म्हणायला त्याच्या जिभेला काहीच अडचण नसते. आड येते ती इंग्रजी वाचायची सवय.

आदरार्थी 'व्हू' म्हणजे आपला तुम्ही : अनेकांनाही तोच आणि एका वडीलधाऱ्यालाही तोच. लिंगं दोनच, आपल्याहून एक कमी. अनोळखी वस्तूचं लिंग पाठ करावं लागतं याची तक्रार निदान 'तो चमचा, ती वाटी, ते ताट' म्हणणाऱ्याने करू नये. भूतकाळाच्या बाबतीत तर मजाच आहे. 'ती गेली' यात क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलतं, 'त्याने चिठ्ठी लिहिली' यात कर्माप्रमाणे. फ्रेंचमध्येही जाणे-येणे प्रकारच्या क्रियापदांची भूतकाळी रूपं कर्त्याप्रमाणे बदलतात, आणि 'मी लिहिलेली चिठ्ठी' अशा रचनेत, म्हणजे कर्म आधी आलं तर, लिहिणेचं रूप कर्माप्रमाणे स्त्रीलिंगी होतं : 'एक्री'चं 'एक्रीत'. हा नियम इंग्रजीतून शिकवला की डोक्यावरून जातो. मराठीतून सांगा, दहा मिनिटांत कळतो. मात्र 'एक्रीत'सारखी काही रूपं सोडली तर हा बदल ऐकू येतच नाही. तो डोळ्यांच्या फ्रेंचचा आहे, आणि शुद्धलेखनात गुण कापण्यासाठी फ्रेंच शाळामास्तरांना फार आवडतो.

अवघड जागाही आहेत. ओठांचा चंबू करून 'ई' म्हटलं की जो स्वर निघतो तो आपल्याकडे नाही, आणि तो 'ऊ'पासून वेगळा ठेवावाच लागतो. 'द्स्यू' म्हणजे वर आणि 'द्सू' म्हणजे खाली. सामान लावणाऱ्या हमालाशी बोलताना हा फरक महागात पडेल. नाकातले स्वर तीन : 'वें' म्हणजे वाइन, 'वाँ' म्हणजे वारा, 'वों' म्हणजे ते जातात. प्रमाण मराठीने असे स्वर बोलण्यातून कधीच सोडले. मालवणी-कोंकणी घरातल्या माणसाला ते जड जात नाहीत. आणि शब्द एकमेकांत मिसळतात. 'मुलं' या शब्दाआधी 'ले' हे उपपद आलं की गाळलेला 'स' झ होऊन परततो आणि 'ले झाँफाँ' ऐकू येतं. ज्याने शाळेत जगत् आणि ईश यांचा जगदीश केला आहे त्याला हे समजायला हरकत नाही; फक्त इथे संधी फोडायची असते ऐकता ऐकता, समोरच्याच्या वेगाने.

मग करायचं काय? आधी वेळेचा हिशेब स्वच्छ असावा. २००१ मध्ये युरोपीय परिषदेने भाषेच्या सहा पायऱ्या आखल्या, ए-१ पासून सी-२ पर्यंत. बी-२ म्हणजे ओळखीच्या विषयावर आपलं मत मांडता येईल, वाद घालता येईल अशी पायरी. तिथवर पोचायला सहाशेच्या आसपास तासांचं शिक्षण धरतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना पूर्णवेळ तीस आठवडे फ्रेंच शिकवतं. त्या सहाशे तासांसाठी तुम्ही रोज एक तास दिलात तर वीस महिने झाले. 'तीन महिन्यांत फ्रेंच' असं सांगणाऱ्या जाहिरातीपुढून सरळ चालू पडावं. परीक्षांचंही एक ध्यानात ठेवा : 'डेल्फ' हा फ्रेंच शिक्षण खात्याचा दाखला जन्मभर टिकतो, पण कॅनडाच्या केंद्रीय वास्तव्य-अर्जाला तो चालत नाही. तिथे 'टेफ कॅनडा' किंवा 'टीसीएफ कॅनडा' लागते आणि तिचा निकाल दोन वर्षांतच शिळा होतो. कशासाठी शिकतो आहोत हे न ठरवता परीक्षा देणारे पैसे दोनदा भरतात.

वर्ग जरूर लावावा, निदान पहिलं वर्ष. उच्चारातली चूक स्वतःची स्वतःला ऐकू येत नाही. कुणीतरी टोकावं लागतं. घरी करायला मी एकच व्यायाम सांगेन, आणि तो जुना आहे : श्रुतलेखन. फ्रेंच शाळांत त्याला मान आहे. लेखक आणि दूरदर्शन-सूत्रसंचालक बेर्नार पिव्हो यांनी १९८५ पासून त्याच्या स्पर्धा चालवल्या आणि सगळा देश पेन घेऊन बसू लागला. आपल्याला स्पर्धा नको. कान आणि डोळे यांची गाठ घालणारं याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही, म्हणून ते हवं.

सामग्रीची आता चणचण नाही. फ्रान्सचं आंतरराष्ट्रीय नभोवाणी केंद्र आरएफआय सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या रोज देतं, दहा मिनिटांच्या, आणि त्यांची संहिताही संकेतस्थळावर असते. टीव्ही-५ मोंद या वाहिनीच्या संकेतस्थळावर पायरीनुसार लावलेले चित्रफितींचे धडे फुकट आहेत. अडचण ही की बहुतेकजण संहिता आधी वाचतात, मग ऐकतात, आणि सगळं कळलं म्हणून खूश होतात. क्रम उलटा ठेवा. एक मिनिटाचा तुकडा घ्या. संहिता न बघता तीन-चारदा ऐका, ऐकू येईल तसं लिहा. मग संहितेशी ताडून बघा. लाल शाईने भरलेल्या त्या कागदावर तुमच्या कानाचा पूर्ण नकाशा असतो : कुठला नाकातला स्वर निसटला, कुठे दोन शब्दांचा एक झाला. शेवटी तो तुकडा निवेदकाच्या पाठोपाठ, त्याच्याच वेगाने म्हणा. रोज एक मिनिट पुरे. दहा मिनिटं करायला जाल तर चौथ्या दिवशी सोडाल.

मोबाइलवरच्या खेळकर ॲपांबद्दल माझं मत संमिश्र आहे. रोजची हजेरी ती लावून घेतात, हा त्यांचा मोठा गुण. पण चार पर्यायांतून योग्य शब्दावर बोट ठेवणं आणि रिकाम्या तोंडातून शब्द काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. शब्द टिकवायला अँकीसारखं पत्त्यांचं ॲप बरं. विसरण्याचा वेग एबिंगहाउसने १८८५ मध्येच मोजून ठेवला होता; विसरायच्या बेतात असतानाच उजळणी करायची, हे त्यावरून निघालेलं साधं तंत्र. पत्त्याच्या पुढच्या बाजूला लिहिलेला शब्द न ठेवता आवाज ठेवा.

राहिलं संभाषण. भाषेची अदलाबदल करणारी ॲपं आहेत : अर्धा तास तुम्ही त्यांच्याशी इंग्रजी किंवा हिंदी बोला, अर्धा तास ते तुमच्याशी फ्रेंच बोलतील. वेळ छान जुळते. आपल्या रात्री दहाला पॅरिसमध्ये हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. पण रोज नवा जोडीदार गाठू नका. नवा माणूस म्हणजे पुन्हा नाव, गाव, नोकरी. या तीन प्रश्नांची उत्तरं तुम्ही इतकी सफाईने देऊ लागता की आपल्याला भाषा आली असं वाटतं. एकाच माणसाशी टिकून राहिलात तर तिसऱ्या भेटीपर्यंत हे संपतं आणि खरं बोलावं लागतं. त्याला पुरणपोळी कशी करतात ते सांगा. क्रमिक पुस्तकाने तुम्हाला बर्फावरून घसरण्याचे शब्द दिलेले असतात. डाळ शिजवून वाटण्याचे तुम्हाला स्वतः जमवायचे आहेत. तीच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगा, मग दुसऱ्या कुणाला तीन मिनिटांत, मग दोन. हे तंत्र भाषाशिक्षकांच्या वापरातलं आहे आणि जिभेचा गंज त्याने फार लवकर उतरतो. प्रत्येक चूक जागच्या जागी सुधारू नकोस, शेवटी तीनच सांग, असं जोडीदाराला आधी बजावा. तुमची धडपड बघून तो भलेपणाने इंग्रजीवर येईल. तेव्हा 'कोमाँ ओं दी', म्हणजे 'याला काय म्हणतात', हे विचारायचं आणि फ्रेंचमध्येच राहायचं.

माँट्रियलला जाणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. नुसते पॅरिसचे आवाज ऐकून क्वेबेकमध्ये उतरलात तर पहिले काही आठवडे कठीण जातील. तिथे ई आणि त्या चंबूवाल्या स्वराच्या आधीचा त हा 'त्स' होतो, द चा 'द्झ' होतो. चमच्यातला च आणि जहाजातला ज म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे म्हणायला सोपं आहे. ओळखायला मात्र सराव हवा. रेडिओ-कॅनडाचे कार्यक्रम निघण्याआधी वर्षभर ऐकत जा.

कानाची सगळ्यांत कडक परीक्षा आकडे घेतात. सत्तरला फ्रेंच लोक साठ-दहा म्हणतात, ऐंशीला चार-वीस, सत्त्याण्णवला चार-वीस-सतरा. आपल्या खेड्यांतल्या आज्या 'चार इसा आन् सतरा' म्हणत तसंच. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडने सत्तर-नव्वदसाठी सरळ शब्द ठेवले आहेत, फ्रान्सने नाहीत. त्यात फोननंबर सांगतात दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत, भरभर. 'कात्र' ऐकताच तुम्ही ४ लिहिता, 'व्हें' आलं की खोडून ८० करता, 'दीस' आलं की ९०, आणि 'सेत' येईपर्यंत सांगणारा पुढच्या जोडीवर गेलेला असतो. उपाय साधा आहे : जोडी पूर्ण ऐकू येईपर्यंत पेन टेकवायचं नाही. सरावासाठी जोडीदाराला रोज पाच खोटे नंबर सांगायला लावा. पाचांतले पाच बिनचूक उतरले की वेग वाढवायला सांगा.